तीस चित्रपुस्तकांचा ‘सर्वसमावेशक’ संच : दुसरीच्या वर्गात एक सत्र वापरून बघितला त्याबद्दल

आधीच सांगून टाकते, पाचातले तीन स्टार. आणि ते तीनसुद्धा संचातल्या दहा-अकरा पुस्तकांनी कमावलेत, बाकीची नुसती त्यांच्या पाठीवर बसून आलीत. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल, बाकीच्यांनी बैठक मारा कारण हे लांबणार आहे.

तर झालं असं की वर्गातल्या वाचनकोपऱ्यासाठी थोडे पैसे मंजूर झाले आणि ते आठवड्याच्या आत खर्च करून पावती लावायची होती (मंजूर पैसे नेहमी असेच येतात, वर्षभर नाही आणि मग एकदम घाई), त्यामुळे एकेक पुस्तक चाळून निवडत बसायला वेळच नव्हता आणि मी ऑनलाइन एक तयार संच मागवून टाकला. नाव सांगत नाही, असे संच आता बरेच निघालेत आणि ह्यातल्या खोडी थोड्याफार फरकाने दुसरीकडेही सापडतील असं माझं मत आहे. तीस पुस्तकं, एक शिक्षक-पुस्तिका, एक भिंतीवर लावायचा तक्ता, सगळं एका दणकट खोक्यात. खोक्यावर हात धरून गोलात उभी राहिलेली मुलं, एक गोरं, एक काळंसावळं, एक चष्मेवालं, एक व्हीलचेअरवरचं, आणि सगळी एकाच मापाची हसतायत. ते चित्र बघूनच खरं तर मला शंका यायला हवी होती, पण पोरांच्या आधी बाईच खोकं उघडून खूश.

माझ्या वर्गात चौतीस मुलं आहेत. त्यात एक जण व्हीलचेअर वापरतो, एक मुलगी कानाला मशीन लावते, चार-पाच जणांच्या घरची भाषा वेगळी, दोघं आजी-आजोबांकडे राहतात, एकीला तिचे बाबा एकटेच सांभाळतात, आणि चष्मे तर मी आता मोजायचेच सोडून दिलेत. म्हणजे विविधता काही आमच्याकडे कुरियरने यायची बाकी नव्हती, ती आधीच बाकांवर बसून एकमेकांच्या पेन्सिली पळवत होती, फक्त पुस्तकात कुठे दिसत नव्हती एवढंच.

ह्यावर जे कोणी वाचतं त्याला रुडीन सिम्स बिशप यांचं नाव माहीत असतंच. अमेरिकेतल्या या प्राध्यापक बाईंनी १९९० साली एका निबंधात लिहिलं की पुस्तकं म्हणजे खिडक्या, आरसे आणि सरकती काचेची दारं. खिडकीतून दुसऱ्याचं जग दिसतं, आरशात आपलं आपल्याला दिसतं, दारातून आत शिरता येतं. शिक्षक-पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर हे मोठ्या अक्षरात छापलंय, आणि गोष्ट खरी आहे, माझं काही म्हणणं नाही. पण आरशासमोर लहान पोर काय करतं हे कोणीही बघितलंय ना? जीभ काढतं, नाक दाबतं, वेडावून दाखवतं. ह्या संचातल्या आरशात तशी सोयच नाही, ह्या आरशात शहाण्यासारखंच बसावं लागतं.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं हं, श्रेय माझं नाही. तिसऱ्या आठवड्यात एक पुस्तक वाचून झालं, व्हीलचेअरवरच्या मुलाचं, ज्यात तो सगळ्या गावाला हिंमत म्हणजे काय ते शिकवतो वगैरे, आणि आमचा खुर्चीवाला गडी मागून म्हणतो, “बाई, हा कधीच काही वाईट करत नाही का?” मी म्हटलं म्हणजे कसं? तर म्हणे, “म्हणजे कोणाला ढकलत नाही, खोटं बोलत नाही. मी तर बोलतो.” वर्ग खो खो हसला, मी पण हसले, आणि घरी येऊन कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सगळ्या तीस पुस्तकांचा हिशोब मांडायला बसले.

हिशोब असा निघाला. तीसपैकी नऊ पुस्तकांत माणसंच नाहीत, प्राणी आहेत. वेगळ्या रंगाचा हत्ती, उडता न येणारा पक्षी, ठिपके नसलेला कुणीतरी, शेवटी सगळे त्याला आपलं म्हणतात आणि संपलं. उरलेल्या एकवीसपैकी बारा पुस्तकांचा नायक किंवा नायिका कुठल्या ना कुठल्या अर्थाने ‘वेगळी’ आहे. त्या बारापैकी आठ पुस्तकांत ते वेगळेपण हीच गोष्टीतली अडचण, म्हणजे मूल वेगळं आहे, लोक हसतात, मूल काहीतरी अचाट करून दाखवतं, लोक टाळ्या वाजवतात. आणि बारांपैकी किती जण खोडी काढतात, रुसतात, हेवा करतात, वस्तू लपवतात, खोटं बोलतात? एक. फक्त एक. त्या एकीबद्दल पुढे सांगते. उरलेल्या नऊ पुस्तकांत मात्र, जिथे नायक अगदी ‘नेहमीचा’ आहे, तिथे पोरं झाडावर चढतात, भांडतात, भिंती रंगवतात, आणि वेगळं मूल मागे गर्दीत कुठेतरी हसत उभं.

प्राण्यांबद्दल हसू नका, हा रोग जुना आणि मोठा आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात मुलांच्या पुस्तकांचं एक केंद्र आहे, ते लोक १९८५ पासून मोजदाद ठेवतायत. पहिल्याच वर्षी त्यांना दिसलं की त्या साली छापलेल्या साधारण २५०० पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची होती फक्त १८. पुढे २०१८ च्या पुस्तकांचं त्यांचं गणित बघा, ५० टक्के पुस्तकांत मुख्य पात्र गोरं, २७ टक्क्यांत प्राणी किंवा वस्तू, आणि बाकी सगळे समाज मिळून उरलेले २३ टक्के. म्हणजे एखाद्या कृष्णवर्णीय किंवा आशियाई पोरापेक्षा पुस्तकात ससा भेटायची शक्यता जास्त. माझ्या खोक्यात तीसात नऊ प्राणी, म्हणजे आम्हीही त्याच पंगतीत. प्राण्यांच्या गोष्टी मला आवडतात, मुलांना तर आवडतातच, पण ठिपके नसलेल्या प्राण्याची गोष्ट वाचून झाल्यावर कोणत्याही मुलाने “हा माझ्यासारखा” असं म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. ठिपके मोजले मात्र सगळ्यांनी.

आता कोणी म्हणेल की बाई, आधी मुलं दिसत तरी नव्हती, निदान आता दिसतायत, तुम्हाला खोड्याही हव्यात का? हो, हव्यात. १९६२ साली एझ्रा जॅक कीट्स यांचं ‘द स्नोई डे’ आलं, १९६३ ला त्याला चित्रपुस्तकांसाठीचं अमेरिकेतलं कॅल्डेकॉट पदक मिळालं, आणि त्यात होतं काय तर एक कृष्णवर्णीय मुलगा सकाळी उठतो, बाहेर बर्फ पडलेला असतो, तो बर्फात खेळतो. बस. कोणाला धडा नाही, कोणाचं मन जिंकणं नाही. बर्फाचा गोळा उद्यासाठी म्हणून खिशात घालून घरी आणतो आणि तो वितळून जातो. ही जी खिशात गोळा घालायची अक्कल आहे ना, ती माझ्या वर्गातल्या चौतीसच्या चौतीस जणांकडे आहे. साठ वर्षांपूर्वी जमलं होतं ते ह्या संचातल्या आठ पुस्तकांना जमलेलं नाही. बरं, ते पुस्तकही टीकेतून सुटलं नव्हतं. १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक यांनी एका साप्ताहिकात मुलांच्या पुस्तकांवर गाजलेला लेख लिहिला, तीन वर्षांतली ५२०६ पुस्तकं तपासली तर एखादं तरी कृष्णवर्णीय पात्र असलेली निघाली ३४९, म्हणजे ६.७ टक्के, आणि त्याच लेखात त्यांनी ह्या पुस्तकातल्या आईच्या चित्रावरही बोट ठेवलं होतं. म्हणजे चांगल्या पुस्तकाकडेही डोळे उघडे ठेवून बघायचं असतं. माझं हे पोस्टमॉर्टेम त्याच वळणावरचं समजा.

आणि निकष तर कधीचे लिहून ठेवलेत. न्यूयॉर्कच्या कौन्सिल ऑन इंटररेशियल बुक्स फॉर चिल्ड्रन ह्या संस्थेची पुस्तकं तपासायची एक यादी आहे, १९८० च्या त्यांच्या मार्गदर्शिकेतही ती सापडते, त्यात एक प्रश्न असा की इतरांनी स्वीकारावं म्हणून ह्या पात्राला काही असामान्य करून दाखवावं लागतं का? मी हा एकच प्रश्न घेऊन आठ पुस्तकं पुन्हा वाचली, आठही नापास. पोहून दाखवतो, गाऊन दाखवते, पुरात सगळ्यांना वाचवतो. न पोहणाऱ्या, बेसूर गाणाऱ्या पोरांनी कुठे जायचं?

आता चित्रं. इथे मात्र मी अर्धा तास बोलू शकते. त्या हिंमतवाल्या पुस्तकातली व्हीलचेअर बघून आमच्या गड्याने पहिल्याच पानावर बोट ठेवलं, “ह्याला ब्रेकच नाहीयेत.” मग तो सुरूच झाला. चाकाच्या बाहेरून जी कडी असते, जी हाताने ढकलतात, ती नाही. पाय ठेवायची पट्टी नाही, पोराचे पाय लोंबकळतायत. खुर्ची मोठ्या माणसाची, दवाखान्यात पेशंटला नेतात तशी, रुंद हातांची, मागे दोन मुठी, आणि दर पानावर कोणीतरी दुसरंच ती ढकलतंय. त्याची स्वतःची खुर्ची अंगाबरोबर बसणारी, बुटकी पाठ, चाकं खाली जरा फाकलेली, आणि तो ती स्वतः पळवतो, आणि कोणी न विचारता मागून हात लावला तर ओरडतो. चित्रकाराने एक खुर्ची दहा मिनिटं समोर ठेवून बघितली असती तर हे झालं नसतं. दुसऱ्या दिवशी मला पुस्तकात पेन्सिलीने काढलेले दोन ब्रेक सापडले. पुस्तकात लिहायचं नाही हा माझा नियम आहे, मी काही बोलले नाही.

कानाच्या मशीनचं तसंच. एका पुस्तकात ते चक्क गाणी ऐकायच्या इअरफोनसारखं काढलंय, गळ्यात वायर सोडून. कानामागे बसणारं यंत्र, तिथून येणारी पारदर्शक नळी, कानात मापाचा साचा, इतकं साधं आहे ते. आणि शस्त्रक्रियेने बसवतात ते कॉक्लिअर इम्प्लांट वेगळं दिसतं, त्याची गोल चकती डोक्यावर केसांत चुंबकाने चिकटते. संचात दोन्हींचं काहीतरी मिश्रण झालंय, एक चकती गालावर आलीय.

आणि ब्रेल! मुखपृष्ठावर ठळक ‘ब्रेलसह’. मी आनंदाने बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत. ठिपके छापलेत, उठावाचे नाहीत, म्हणजे ज्याच्यासाठी लिपी आहे त्याला सोडून बाकी सगळ्यांना दिसणारं ब्रेल. शिवाय ब्रेलच्या एका घरात सहा जागा असतात, तीन ओळी दोन रकाने, इथे काही घरांत नऊ ठिपके आहेत. ती लिपी नव्हेच, नक्षी आहे.

रंगाचंही बोलायला हवं. बऱ्याच पुस्तकांत एकच चेहरा आहे, तेच नाक, तेच डोळे, फक्त बादली बदललीय, एकदा गुलाबी, एकदा तपकिरी, एकदा गडद तपकिरी. केस म्हणजे डोक्यावर ठेवलेला काळा ढग. अपवाद दोन पुस्तकं, त्यात प्रत्येकाचा चेहरा वेगळा काढलाय, दात पुढे आलेली आजी आहे, एक जाडी मुलगी आहे जिच्या जाडपणावर गोष्टीत एक शब्दही नाही, ती फक्त सगळ्यात जोरात पळते आणि पडते. वर्गाने ते पान तीनदा परत उलटायला लावलं, पडल्यावर तिची चप्पल कुठे उडालीय ते शोधायला.

भाषेकडे वळू. संच अनुवादित आहे आणि अनुवादकाला चित्रं न दाखवता नुसता मजकूर दिला असावा अशी मला दाट शंका आहे. एका पानावर विमानाच्या केबिनमध्ये लांब वेणीची बाई बसलीय, छान, मुद्दाम काढलंय, आणि खाली मराठीत काय, “वैमानिक म्हणाला, चला!” मूळ भाषेत क्रियापदाला लिंग नसेल, तिथे चालून गेलं, आपल्याकडे एका ‘म्हणाला’ने सगळ्यावर बोळा फिरवला. पहिल्या बाकावरून आवाज आला, बाई चुकलंय. बरोबर पकडलं होतं. उलट दुसऱ्या पुस्तकात बाबा कपडे वाळत घालतायत आणि मजकूर म्हणतो “आईने कपडे वाळत घातले”, इथे तर शंका नाही की कोणीतरी सवयीने लिहून टाकलं. मराठीत पुस्तक निवडताना हे नक्की बघा, चित्र काहीही म्हणो, क्रियापद काय म्हणतंय ते.

आणि ‘बिचारा’. एका चोवीस पानी पुस्तकात चार वेळा. ‘खुर्चीला खिळलेला’ एकदा, त्यावर आमचा गडी म्हणाला, “मी कुठे खिळलोय, मी खाली पण बसतो की.” अजून एक म्हणजे कानाला मशीन लावणाऱ्या मुलीला मजकुरात ‘मूकबधिर’ म्हटलंय आणि ती मुलगी बारा पानं अखंड बडबड करते. लिहिणाऱ्याने स्वतःचंच पुस्तक परत वाचलं नसावं.

आता शिक्षक-पुस्तिका, आणि इथे चूक माझी पण आहे ती सांगते. पहिल्या आठवड्यात मी अजून विश्वासाने ती पुस्तिका उघडून त्यातले प्रश्न जसेच्या तसे विचारायचे. एक प्रश्न होता, ‘अशा मित्राला तुम्ही काय काय मदत कराल?’ मी विचारला. तेहतीस हात वर आणि तेहतीस माना एका दिशेला वळल्या. तो खाली बघून खुर्चीच्या ब्रेकची दांडी पुढे-मागे, पुढे-मागे करत बसला. त्या आवाजाने मला कळलं मी काय केलंय. पुस्तिका त्याच दिवशी कपाटाच्या वर गेली. नंतर चाळली तेव्हा दिसलं की बारापैकी दहा पुस्तकांना मदतीचाच प्रश्न आहे. प्राण्यांच्या पुस्तकांना मात्र छान प्रश्न आहेत, पुढे काय होईल, तू असतास तर काय केलं असतंस.

बांधणीबद्दल थोडक्यात. बहुतेक पुस्तकं चोवीस पानी आणि मध्ये पिना मारलेली, दुसऱ्या महिन्यात मधली पानं सुटायला लागतात, शिलाई फक्त चार जाड पुस्तकांना आहे, ती बत्तीस पानी, म्हणजे सोळा-सोळा पानांचे दोन फर्मे (घडी घातलेले गठ्ठे), ती अजून टिकून आहेत. कागद चकचकीत, खिडकीकडून उजेड आला की निम्म्या वर्गाला चित्राऐवजी लखलखाट दिसतो, आणि ज्यांची नजर अधू त्यांना तर जास्तच त्रास, सर्वसमावेशक म्हणवणाऱ्याने मॅट कागद वापरायला नको का? रंगीत चित्रावर पांढरी बारीक अक्षरं, जोडाक्षरं तर अगदी गिचमिड. आणि गोष्टीतला मुख्य चेहरा दोन पानांच्या मधल्या घडीत गेलाय असं पाच ठिकाणी. तक्ता बरा आहे, लावलाय, खालचा कोपरा एव्हाना गेला.

एवढं बोलल्यावर तीन स्टार कशाचे? सांगते. मागे गर्दीत वेगळं मूल उभं असणाऱ्या त्या नऊ पुस्तकांपैकी सहा-सात गोष्टी म्हणून फक्कड आहेत, त्यांचं एवढ्यावर भागवते, जास्त प्रेम तिघांवर आहे.

पहिलं, शब्दच नसलेलं एक पुस्तक. एक हरवलेला मोजा आणि त्याला शोधत फिरणारं एक अख्खं घर, आजोबा, दोन काका, मांजर. शब्द नाहीत म्हणजे घरची भाषा वेगळी असलेली मुलं सगळ्यांच्या बरोबरीने सुटली. एक मुलगी, जी माझ्याशी सत्रभर हो-नाहीच्या पुढे गेली नव्हती, तिने ते पुस्तक तिच्या भाषेत सबंध सांगितलं, मला एक शब्द कळला नाही, पण मांजर मोजा घेऊन कपाटाखाली शिरतं तिथे तिचा आवाज इतका खाली गेला की सगळा वर्ग पुढे वाकला. ज्यांच्या वर्गात तीन-चार भाषा आहेत त्यांनी शब्दाविना पुस्तकं आधी घ्यावीत, बाकी सगळं नंतर.

दुसरं, आई-बाबा वेगळे राहतात अशा मुलाचं. पण प्रश्न तो नाहीच, प्रश्न असा की त्याचा दात पडलाय आणि तो ह्या घरी राहिला की त्या घरी हे त्याला आठवत नाहीये. दोन्ही घरं शोधून होतात, दोन्हीकडे वेगवेगळे नियम, एकीकडे चपला आत चालतात, एकीकडे नाही, आणि दात निघतो दप्तराच्या कप्प्यात खोडरबराबरोबर. वेगळं राहण्याबद्दल एक स्पष्टीकरण नाही, एक अश्रू नाही. वाचून झाल्यावर एकीने सहज सांगितलं की माझ्याकडे पण दोन टूथब्रश आहेत, आणि बाकीच्यांनी विचारलं रंग कोणते.

आणि तिसरं म्हणजे ती एक खोडकर. कानाला मशीन लावणारी मुलगी (इथे मशीन बरोबर काढलंय, नळीसकट), ती गच्चीवर खेळतेय, आई खालून हाका मारतेय, आणि ती काय करते तर हळूच कानामागे बोट नेऊन मशीन बंद करते आणि खेळत राहते. पुढच्या पानावर आईचं तोंड उघडं आणि त्यातून काहीच येत नाहीये, कोरी जागा. मग बंद मशीनमुळेच तिला सगळे बाहेर निघाल्याचंही ऐकू येत नाही आणि ती मागे राहते, मग धावपळ. शेवटी माफी वगैरे काही नाही, फक्त आई दुसऱ्या दिवशी हाक न मारता गच्चीवर येऊन समोर उभी राहते.

मी हे वाचत होते तेव्हा आमची मशीनवाली दुसऱ्या रांगेत. मशीन बंद करायचं पान आलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते मी सत्रभरात बघितलं नव्हतं. कानापर्यंत. “बाई, मी पण करते,” ती म्हणाली. मी विचारलं कधी? म्हणे गणिताला. तेव्हा मला उलगडलं की दर मंगळवारी पाढ्यांच्या वेळी तिला चार-चारदा का सांगावं लागतं. आणि मी बापडी बॅटरी उतरली असेल म्हणून घरी दोन चिठ्ठ्या पाठवल्या होत्या! त्या पुस्तकाला आता दोन्हीकडून चिकटपट्टी आहे, पिना गेल्यात, मुखपृष्ठ हरवलंय. हिंमतवालं पुस्तक अजून कोरं करकरीत आहे, पेन्सिलीचे दोन ब्रेक सोडले तर.

म्हणून ज्यांच्या हातात निवड आहे, म्हणजे पैसे खर्चायला एका आठवड्यापेक्षा जास्त वेळ आहे, त्यांनी संचाच्या नादी न लागता सुटी पुस्तकं घ्यावीत असं मला वाटतं, दहाच घ्या पण उभ्या-उभ्या पूर्ण वाचून घ्या. वाचताना दुसरं काही नाही, क्रियापदं बघा. ते मूल स्वतः काय काय करतं? ढकलतं, लपवतं, शोधतं, विसरतं, भांडतं, की फक्त ‘हसतं’, ‘बघतं’, ‘शिकवतं’? मग खुर्ची, मशीन, चष्मा, केस, हे नीट काढलेत का, ते ज्या मुलाकडे ती वस्तू आहे त्यालाच विचारा, त्याच्या इतकं बारीक कोणी बघत नाही, पण एकट्याला विचारा, माझ्यासारखं वर्गासमोर नको. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर आयबीबीवाय ही मुलांच्या पुस्तकांसाठी काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था, १९५३ मध्ये सुरू झालेली, दर दोन वर्षांनी अपंगत्व असलेल्या मुलांसाठीच्या आणि त्यांच्याबद्दलच्या निवडक पुस्तकांची यादी काढते, त्यात खऱ्या उठावाच्या ब्रेलची, हाताला लागणाऱ्या चित्रांची, खुणांच्या भाषेतली पुस्तकं असतात. सगळी मिळतील असं नाही, पण चांगलं कसं दिसतं ते कळतं आणि मग खोक्यावरची चित्रं फसवत नाहीत. आणि पैसेच नसतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे, २०१५ पासून, मुक्त परवान्यातली पुस्तकं फुकट, मराठीतही आहेत, उतरवून घ्या, छापा. परवाना असा की मजकुरात बदल करून स्वतःची आवृत्ती काढता येते, त्यामुळे ‘म्हणाला’चं ‘म्हणाली’ करायला कोणाची परवानगी मागत बसायला नको.

संच परत करायचा प्रयत्न मी केला होता. म्हटलं तीस नको, आठच परत घ्या. तर सुटी पुस्तकं परत होत नाहीत, अख्खं खोकं द्या, आणि वापरलेलं नको. वापरलेलं नाही असं कसं सांगणार, मांजराच्या आणि मोज्याच्या चित्रांवर बोटांचे ठसे. मग मी त्यांना सगळ्या चुका पान क्रमांकासह लिहून पाठवल्या, ब्रेक, पायपट्टी, गालावरची चकती, नऊ ठिपके, वैमानिक, चार बिचारे. दीड पान झालं. उत्तर आलं, तुमच्या अभिप्रायाबद्दल आभार, आणि सोबत ‘विविधता भाग दोन’ ह्या नव्या संचावर सवलतीचं कूपन. खोक्याचा फोटो होता, परत गोलात उभी मुलं. मी मोठं करून बघितलं, खुर्चीला अजून ब्रेक नाहीत. कूपनची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, मला नकोय.